धुरपदेचा टाक, रोझालीची चांदी

मित्रांनो, मी एक जुना टाक आहे. मात्र जन्मलो तेव्हा पेला होतो. चांदीच्या पातळ पत्र्यावर देवांची आणि घरातल्या पूर्वजांची चित्रे उठवून ती देव्हाऱ्यात ठेवतात, त्यांना टाक म्हणतात, हे तुमच्यापैकी अनेकांना ठाऊक असेल. माझ्यावर एका बाईचे चित्र आहे. तिच्या डोक्यावर पदर आहे, हातात काठी आहे आणि पायाशी एक कोकरू आहे. छत्रपती संभाजीनगरच्या पश्चिमेला, दौलताबादच्या रस्त्यालगत पडेगावात राहणाऱ्या एका मेंढपाळ घराण्याचा मी टाक. त्या घरात मला सव्वादोनशे वर्षे नैवेद्य मिळाला. गेल्या उन्हाळ्यात एका दुपारी माझी पाठ उघडली गेली, आणि त्या घराला असा धक्का बसला की चार दिवस माझ्यापुढे कोणी दिवा लावला नाही.

धक्का मलाही बसला. माझ्याच पाठीवर काय लिहिले आहे, हे मला तोपर्यंत ठाऊक नव्हते. चांदीला दिसते, ऐकू येते. वाचता मात्र येत नाही.

हे सारे नीट समजायचे तर तुम्हाला माझ्याबरोबर बरेच मागे यावे लागेल.

फ्रान्सच्या पश्चिम किनाऱ्यावर लोरियाँ नावाचे बंदर आहे. त्या देशात बाळाचे नाव ठेवताना त्याला चांदीचा छोटा पेला देत आणि त्यावर बाळाचे नाव, गाव आणि साल कोरून घेत. सन १७३८ मध्ये एका मुलीचा जन्म झाला, तिचे नाव झान. मी तिचा पेला. कारागिराने माझी कड इतकी गोल वळवली होती की झानच्या आईने मला गालाला लावून पाहिले होते. झान सहा वर्षांची झाली तेव्हा तिच्या वडिलांना फ्रेंच कंपनीच्या वखारीत नोकरी मिळाली, आणि अनेक महिन्यांचा समुद्रप्रवास करून आम्ही पाँडिचेरीला पोहोचलो.

समुद्राजवळ पांढऱ्या भिंतींचे घर होते. सणावाराला मी मेजावर येत असे आणि पाहुणे माझे कौतुक करत. मला घासण्याचे काम एका मुलीकडे होते. ती झानच्याच वयाची होती आणि एका दुष्काळात तिला विकत घेतलेले होते. घरात तिला एका ख्रिस्ती संतिणीच्या नावाने हाक मारत. तिचे पहिले नाव काय होते, हे कोणी विचारले नव्हते. ती मला राखेने घासे आणि माझ्यात स्वतःचे तोंड पाहून हसे. एका सकाळी तिला आणि तिच्यासारख्या काहींना दक्षिणेकडच्या दूरच्या बेटांवर जाणाऱ्या जहाजात चढवले गेले. तिथे उसाच्या मळ्यांत माणसे हवी होती. झानने वडिलांना विचारले, ती परत कधी येणार? ते म्हणाले, लवकरच. दुसऱ्या दिवशी मला घासायला वेगळा हात आला. त्या घरातली माणसे जेवणापूर्वी प्रार्थना करत असत, आणि त्या दिवशीही त्यांनी ती केली. मित्रांनो, आयुष्यात मी पहिल्यांदा हादरलो तो तेव्हा.

पुढे झानचे लग्न झाले आणि १७५७ मध्ये तिला मुलगी झाली. तिचे नाव मार्गरीत. पेला एकच होता, म्हणून माझ्यावर झानच्या नावाखाली मार्गरीतचे नाव कोरले गेले. ती चार वर्षांची होते न होते तोच इंग्रजांनी वेढा घालून पाँडिचेरी जिंकली. जिंकल्यावर ते थांबले नाहीत. सुरुंग लावून त्यांनी एकेक घर, एकेक भिंत पाडली. झान लेकीला कडेवर घेऊन रस्त्याच्या कडेला उभी राहिली आणि स्वतःच्या घराची धूळ उडताना पाहत राहिली. तिच्या हातातल्या कपड्यांच्या बोचक्यात मी होतो. कधी काळी ज्या घराने दुसऱ्याच्या मुलीला बेघर केले होते, ते घर आता उरले नव्हते. झानला ते आठवले की नाही, मला सांगता येणार नाही. मला आठवले.

किनाऱ्याकिनाऱ्याने ते कुटुंब गोदावरीच्या मुखाशी यानमला गेले. तिथेही फ्रेंचांची एक लहान वसाहत होती. मार्गरीत तिथे वाढली, तोफा ओतणाऱ्या एका कारागिराशी तिचे लग्न झाले, आणि १७७९ मध्ये माझ्यावर तिसरे नाव कोरले गेले. ते नाव रोझाली.

रोझाली घरात फ्रेंच बोले आणि गल्लीत तेलुगू. लोक तिला फ्रेंच म्हणत, पण फ्रान्स तिने कधी पाहिला नव्हता. ती चौदा वर्षांची असताना तिच्या वडिलांना निजामाच्या फौजेतल्या फ्रेंच पलटणीत काम मिळाले. पलटणीची एक तुकडी औरंगाबादेच्या पश्चिमेला तळ देऊन होती, तिथे ते कुटुंब राहायला आले. ज्या गोदावरीच्या शेवटाला ती जन्मली होती, त्याच नदीच्या वरच्या अंगाच्या मुलखात ती आता आली होती. इथली जमीन काळी होती आणि उन्हाळा कोरडा होता.

सन १७९८ मध्ये निजामाने इंग्रजांशी करार केला. फ्रेंच पलटण मोडून टाकायची, असे ठरले. एका सकाळी तळावर शिपाई आले आणि त्यांनी रोझालीच्या वडिलांना इतरांबरोबर रांगेत उभे केले. हैदराबादेस नेतो, आठ दिवसांत सोडतो, असे सांगितले. त्यांनी आपली चिलीम खिडकीत तशीच ठेवली होती. ते परत आले नाहीत. त्यांचे पुढे काय झाले तेही कधी कळले नाही. त्याच थंडीत मार्गरीत तापाने गेली. तळ उठला, शेजारी पांगले. एकोणीस वर्षांची रोझाली शिपायांनी कुलूप घातलेल्या घराच्या दारासमोर दोन दिवस बसून होती. तिच्या मांडीवर एक पेटी होती आणि पेटीत मी होतो.

तळाच्या आसपासच्या शेतांत गोकुळ नावाचा मेंढपाळ खतासाठी मेंढ्या बसवत असे. तळावर दूध आणि घोंगड्या तोच देत असे. त्याची बायको धुरपदा त्याच वर्षी साप चावून वारली होती आणि मागे पाच वर्षांचा मुलगा व तीन वर्षांची मुलगी राहिली होती. गोकुळच्या म्हाताऱ्या आईने रोझालीला पहिल्या दिवशी पाहिले, दुसऱ्या दिवशी पुन्हा पाहिले आणि मग हाताला धरून उठवले. इथे बसून काय होणार आहे, एवढेच ती म्हणाली. वर्षभराने गोकुळने रोझालीशी लग्न केले. पंचांनी बरीच कुरकुर केली. म्हातारीने त्यांना सांगितले की, पोरगी मेंढीचे दूध काढायला शिकली आहे, तुमच्यापैकी किती जणांच्या सुनांना येते ते सांगा. लग्नात रोझालीचे नाव गंगा ठेवले.

आता एक रीत सांगतो. पहिली बायको वारल्यावर पुरुषाने दुसरी केली, तर त्या दुसरीने पहिलीचा टाक करून गळ्यात घालायचा आणि रोज जेवणापूर्वी पहिला घास तिला दाखवायचा. नाहीतर मेलेली बाई रागावते आणि घराला त्रास देते, अशी समजूत होती. त्याला सवतीचा टाक म्हणत. म्हातारीने रोझालीला हे सांगितले, पण घरात चांदीचा तुकडाही नव्हता. रोझाली उठली, पेटी उघडली आणि तिने मला बाहेर काढले.

औरंगाबादच्या सराफ्यात मला कापले गेले. तीन पिढ्या ज्या कडेला ओठ लावून दूध प्यायल्या, ती कड कात्रीखाली आली. मी किती घाबरलो होतो, ते सांगता येत नाही. रोझालीने सोनाराला बजावले की, नावे असलेला तुकडाच टाकासाठी घ्यायचा. त्याने तो सपाट केला, नावांची बाजू मागे ठेवली आणि म्हातारीला विचारून विचारून धुरपदेचा चेहरा उठवला. नाक किती, कपाळ किती, हसताना गालाला काय होई, म्हातारी सारे सांगत गेली. उरलेल्या चांदीचे त्या दोन लेकरांसाठी वाळे केले. मागून लाख भरण्यापूर्वी रोझालीने सोनाराकडून टोकदार सळई मागून घेतली, मला मांडीवर पालथे घेऊन उजेडात बसली आणि माझ्या पाठीवर बराच वेळ काहीतरी लिहीत राहिली. सोनार हसला. लाखेखाली जाणारे अक्षर कोण वाचणार, असे त्याने विचारले. तिने सळई त्याला परत केली. मग गरम लाख आली, तिच्यावर तांब्याचा पत्रा बसला आणि माझ्या पाठीला अंधार झाला.

एकतीस वर्षे मी रोझालीच्या गळ्यात होतो. तिला स्वतःचे मूल झाले नाही. धुरपदेची दोन्ही लेकरे तिने वाढवली, लग्ने केली, मुलाच्या मुलांना अंगाखांद्यावर घेतले. रोज ती पहिला घास मला दाखवी. ती भुताला भिऊन हे करते, असे सगळे समजत. मीही तसेच समजत होतो. मी धुरपदेच्या भुताचा बंदोबस्त आहे, असे मी सव्वादोनशे वर्षे मानले.

ती गेल्यावर मला देव्हाऱ्यात ठेवले. गंगा हे नाव एक पिढीभर लोकांच्या तोंडी राहिले, मग तेही गेले. धुरपदा तेवढी राहिली, कारण तिचा टाक होता.

आता अलीकडचे ऐका. पन्नासएक वर्षांपूर्वी त्या घरात मल्हाररावांची पहिली बायको शीला वारली. तिचा भारत आठ महिन्यांचा होता. शीलाचा एकही फोटो कधी काढलेला नव्हता. दुसऱ्या वर्षी कस्तुराबाई दुसरेपणावर आली, तेव्हा ती अठरा वर्षांची होती. नवा टाक करण्याइतकी ऐपत नव्हती, म्हणून सासूने मलाच तिच्या गळ्यात बांधले आणि सांगितले की, आता हीच शीला समज. एका दिवसाने मला परत देव्हाऱ्यात ठेवले गेले, पण कस्तुराबाईने नेम सोडला नाही. भाकरीचा पहिला तुकडा ती माझ्यापुढे ठेवी आणि हलक्या आवाजात म्हणे, “बाई, तुझं लेकरू निजलंय. तू जेवून घे.” पुढे तिला सरिता झाली, सरिता लग्न होऊन बजाजनगरला गेली, मल्हारराव वारले. कस्तुराबाईचे बोलणे तेवढे बदलत गेले. लेकरू शाळेत गेलंय. लेकरू कंपनीत लागलंय. लेकराला लेक झाली.

भारत तिला मावशी म्हणे. सावत्र आईला त्या बाजूला मावशीच म्हणतात, त्यात काही दुरावा नसतो. पण लहानपणी तो आईविषयी विचारी, तेव्हा कस्तुराबाई त्याला उचलून देव्हाऱ्यापाशी आणी आणि माझ्याकडे बोट दाखवून म्हणे, ही बघ. तो माझ्याकडे फार वेळ पाहत राही; लोक मला धुरपदा म्हणत, त्याच्या मनात मात्र ती त्याची आईच राहिली. वाळूजच्या कारखान्यात नोकरीला निघाला, त्या पहिल्या दिवशीही तो माझ्यापुढे उभा राहिला होता. माझ्यावरचा चेहरा त्याच्या आईचा नव्हता, हे मला माहीत होते. सांगणार कसे?

गेल्या उन्हाळ्यात भारतच्या मुलीचे, प्रेरणाचे लग्न ठरले. मुलगा ऋतुराज फुलंब्रीचा, त्याच समाजातला. लग्नाआधी देव उजळून आणायची रीत आहे. माझी लाख तडकली होती, चेहऱ्यावर काजळी बसली होती. भारत आणि प्रेरणा आम्हा सर्व टाकांना कापडात बांधून सराफ्यात घेऊन गेले. सोनाराने मला मंद आचेवर धरले. लाख सुटली, तांब्याचा पत्रा गळून पडला. सोनाराने कुंचल्याने माझी पाठ पुसली आणि तो थांबला.

“भारतराव, हे देव तुमचेच ना?”

भारतने चमकून विचारले की, असे का विचारता.

“तसं नाय. पण मागं इंग्रजी लिवलंय. आमच्या चार पिढ्यांत असं पाह्यलं नाय.”

प्रेरणाने मला हातात घेतले. अक्षरे इंग्रजीसारखी दिसत होती, पण शब्द इंग्रजी नव्हते. तिने मोबाइलने फोटो काढला आणि मोबाइललाच वाचायला लावले. तीन नावे स्पष्ट आली, गावांसह आणि सालांसह. शेवटचे नाव रोझाली, यानम, १७७९. त्याखाली सळईने ओरखडलेल्या बारीक ओळी होत्या. त्या मोबाइलला लागल्या नाहीत. ही नावे फ्रेंच बायकांची आहेत, असे प्रेरणाने हळूच सांगितले.

इथे त्या घराची चूक झाली, आणि ती कुणाच्याही हातून झाली असती. ज्याचा टाक असतो त्याचेच नाव कधीकधी मागे टोचून ठेवतात, हे त्यांना ठाऊक होते. म्हणून त्यांनी धरले की, माझ्यावरची बाई रोझालीच. म्हणजे पिढ्यान् पिढ्या ज्या धुरपदेला पुजले, ती धुरपदा नव्हतीच. कुणी परकी गोरी बाई देव्हाऱ्यात बसली होती.

भारतने उघड्या पाठीनेच मला घरी आणले. मला देव्हाऱ्यात ठेवायला त्याचा हात धजेना. टीव्हीच्या वरच्या फळीवर त्याने मला पालथे ठेवले आणि कस्तुराबाईला सारे सांगितले. ती ताट वाढत होती. सांगून झाल्यावर तो तिच्यासमोर खाली बसला. चोपन्न वर्षांचा माणूस, कारखान्यात चाळीस जणांवर देखरेख करणारा. त्याचा आवाज एकदम लहान झाला.

“मग माझी माय कुठंय, मावशी?”

कस्तुराबाईच्या हातातली भाकरी ताटात पडली. त्याला पन्नास वर्षे जे दाखवले ते एका क्षणात तिच्या हातातून गेले होते, आणि ते तिनेच दाखवले होते.

तिने त्या दिवशी भाकरी खाल्ली नाही. दुसऱ्या दिवशी ताट घेऊन ती सवयीने देव्हाऱ्यापर्यंत गेली, माझी रिकामी जागा पाहिली आणि ताट तसेच घेऊन परत फिरली. पहिला घास कुणाला दाखवायचा, हेच तिला कळत नव्हते, आणि तो दाखवल्याशिवाय तिच्या गळ्याखाली अन्न उतरत नव्हते. ती चहावर राहिली. प्रेरणाने विनवले, सरिता बजाजनगरहून येऊन रागावून गेली. तिसऱ्या दिवशी अंगणातून आत येताना कस्तुराबाईने दाराची चौकट धरली आणि ती खाली बसली. डॉक्टरांनी सांगितले, जेवण सुरू करा, नाहीतर दवाखान्यात ठेवावे लागेल.

बातमी फुलंब्रीला पोहोचली होती. ऋतुराजचे वडील काकासाहेब स्वतः आले. माणूस वाईट नव्हता. पण लग्न आठ दिवसांवर आले होते आणि त्यांना भावकीला तोंड द्यायचे होते. चहा अर्धा पिऊन ते म्हणाले, “पाव्हणे, आमचं काय म्हणणं नाय. पण लगनात कोणत्या देवापुढं अक्षता टाकायच्या, येवढं तरी ठरवा. आमची भावकी इचारती, पोरगी आपल्यातली हाय का पॅरिसची.”

भारत हसला नाही. तेव्हा काकासाहेबांनी उपाय सुचवला. मला आटवायचे. चांदी तीच राहील, तिच्यातून नवी धुरपदा उठवायची. चेहरा सोनाराच्या मनाने. मागचे अक्षर आगीत गेले की प्रश्न मिटला. भारतने होकाराची मान हलवली. दुसऱ्या दिवशी सकाळी दोघांनी मिळून सराफ्यात जायचे ठरले.

मित्रांनो, मी एकदा कापला गेलो होतो, पण तेव्हा रोझाली शेजारी उभी होती. आता माझ्या बाजूने कोण होते? झान, मार्गरीत आणि रोझाली, तिघींचा या जगातला शेवटचा तुकडा मी होतो, आणि सकाळी मुशीत जाणार होतो.

बाजूने प्रेरणा होती. वडिलांना न विचारता ती त्याच संध्याकाळी मोबाइलवरचा फोटो घेऊन मंजुषा मॅडमकडे गेली. मॅडम विद्यापीठात फ्रेंच शिकवत. फोटोतल्या बारीक ओळी त्यांनाही वाचता येईनात. पण त्यांनी जेवढे पाहिले तेवढ्यावर सांगितले की, आटवू नका, मी सकाळी येते.

काकासाहेबांची गाडी दारात आली तेव्हा मॅडम अंगणात खुर्ची टाकून, भिंग घेऊन बसल्या होत्या. मी त्यांच्या तळहातावर पालथा होतो. कस्तुराबाई उंबऱ्याला टेकून बसली होती. मॅडमनी आधी तीन नावे समजावली. पेला बाळांचा असतो, आईकडून मुलीकडे जातो. लोरियाँ फ्रान्सचे बंदर, पाँडिचेरी आणि यानम इथल्या वसाहती. मग त्यांनी मला उन्हात तिरके धरले आणि खालच्या ओळी वाचायला घेतल्या. दोनदा मनात वाचल्या. त्यांनी चष्मा काढला, पुसला आणि पुन्हा लावला. मग मराठीत सांगितले:

“धुरपदेची मुले मला रोज विचारतात, आमची आई कुठे आहे. त्यांना दाखवायला तिचे काहीच उरलेले नाही. माझ्याकडे चांदी एवढीच होती. हा चेहरा तिचा आहे, माझा नव्हे. रोझाली.”

बाजूच्या रस्त्यावरून एक ट्रक गेला, त्याचा आवाज विरेपर्यंत सगळे तसेच बसून होते.

आणि मी? मी भुताचा बंदोबस्त नव्हतो. तिने मला भीतीपोटी गळ्यात घातलेच नव्हते. आता आठवते, ती दोन लेकरे तिच्या मांडीवर बसून मला बोटांनी चाचपत, नाकावरून, गालावरून. मी ते रोज अनुभवले आणि मला त्याचा अर्थ कधी कळला नाही. जी गोष्ट माझ्याच पाठीवर लिहिलेली होती, ती माझ्यासाठीच सर्वांत मोठा धक्का ठरली.

पहिली बोलली ती कस्तुराबाई.

“म्हंजी ती बी मावशीच व्हती.”

भारतने तिच्याकडे पाहिले. मग तो उठला, मॅडमच्या हातातून मला घेतले, सुलटे केले आणि कस्तुराबाईच्या शेजारी उंबऱ्यावर बसला. बराच वेळ तो माझ्याकडे पाहत होता. माझ्यावरचा चेहरा शीलाचा नाही, हे आता त्याला पक्के कळले होते. शीलाचा चेहरा कुठेच नव्हता. तो म्हणाला, “तुला ठावं व्हतं. ही माझी माय नाय, हे तुला ठावं व्हतं.”

“व्हय,” कस्तुराबाई म्हणाली. “तू चार वर्साचा व्हतास. माय कुठंय, इचारलंस. नाय कसं म्हणू?”

मला तिच्या मांडीवर ठेवून तो आत गेला, ताट वाढून आणले आणि तिच्या पुढ्यात ठेवले. कस्तुराबाईने पहिला तुकडा मोडून माझ्यासमोर धरला, या वेळी शीलासाठी, धुरपदेसाठी की रोझालीसाठी, ते मला सांगता येणार नाही. मग चार दिवसांनी तिने भाकरी खाल्ली. काकासाहेब पागोट्याचा शेव डोळ्याला लावून म्हणाले की, ऊन फार आहे. मग जाताना भारतला म्हणाले, “आमच्याकडं बी सात टाक हायेत. पाठ कोणी पाह्यली? आता आटवायचं नाव काढू नगा, पाव्हणे. लगन हिच्याच पुढं लावू.”

लग्न माझ्यापुढेच लागले. सोनाराने माझ्या पाठीवर पुन्हा लाख भरली नाही. तांब्याचे एक छोटे झाकण बिजागरीने बसवले, म्हणजे कधीही उघडून वाचता येईल.

एक काम मात्र अपुरे राहिले आहे. भारतच्या मनात आले की, धुरपदेचा टाक आहे, मग रोझालीचाही हवा. त्याने चांदी आणली. सोनाराने विचारले, चेहरा कसा काढू? कोणालाच सांगता येईना. मंजुषा मॅडमनी जुने कागद धुंडाळले, चित्र मिळाले नाही. सोनार म्हणाला, टोपी घातलेली एखादी मडम काढतो, कोणाला काय कळणार. कस्तुराबाईने नको म्हटले. “खोटं तोंड नगं. कोराच राहू द्या.”

या साऱ्या जगात रोझालीला पाहिलेला मी एकटा उरलो आहे. पण मित्रांनो, माझे दुर्दैव ऐका. मी एकतीस वर्षे तिच्या छातीवर होतो, आणि गळ्यातल्या टाकाला वर पाहिले तर फक्त हनुवटी दिसते. तिच्या हनुवटीखाली डाव्या बाजूला एक लहान तीळ होता. मेंढ्यांना हाक घालताना तो हलत असे. त्यापूर्वी ती मला ओठांना लावी, तेव्हा ती लहान होती, आणि ओठांना लावलेल्या पेल्याला फक्त ओठ दिसतात; पुढे मी पेटीच्या अंधारात होतो. एवढेच मला माहीत आहे, आणि तेही मी सोनाराला सांगू शकत नाही.

आज देव्हाऱ्यात माझ्या शेजारी एक कोरा टाक आहे. चांदीचा गुळगुळीत पत्रा, त्यावर काहीच नाही. लोक विचारतात, हा कोणाचा? तेव्हा प्रेरणा माहेरी आलेली असली तर ती सांगते, नाहीतर भारत सांगतो, आणि माझे झाकण उघडून दाखवतो.

मित्रांनो, जुन्या वस्तू आटवण्यापूर्वी त्यांची पाठ पाहा, हे तर मी सांगेनच. पण त्याहून मोठे मागणे माझे वेगळे आहे. तुमच्या घरात कोणीतरी असेल, जी दुसऱ्यांची लेकरे वाढवते, गेलेल्यांचे फोटो पुसते, सगळ्यांना वाढून शेवटी जेवायला बसते. आज ती जेवायला बसली की तिच्यासमोर बसा. तिचे लग्नापूर्वीचे नाव विचारा, तिच्या आईचे नाव विचारा, ती कोणत्या वाटेने तुमच्या घरी आली ते विचारा. आणि ती सांगत असताना तिच्या तोंडाकडे नीट पाहा, म्हणजे उद्या कोणी विचारले, ती दिसायला कशी होती, तर तुम्हाला सांगता येईल.